प्रेमदास आडेचं डिफरन्शल

हनुमान पोले सरांनी प्रेमदास आडेला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा प्रेमदास जीप चालवत होता, पण तो जीपमध्ये नव्हता. जीपमध्ये जागाच नव्हती. गोरेगावचा बाजार उरकून निघालेल्या त्या जीपच्या आत माणसं होती, मागं लटकलेली माणसं होती, बॉनेटवर दोन शेळ्या आणि त्यांना धरून बसलेला एक पाहुणा होता. प्रेमदासचा एक पाय तेवढा आत, क्लचवर. बाकीचा प्रेमदास दाराबाहेर वाऱ्यावर होता. स्टेअरिंगचा अर्धा भाग त्याच्या हातात आणि उरलेला अर्धा शेजारी बसलेल्या, कुणाच्याच ओळखीच्या नसलेल्या एका म्हाताऱ्याच्या हातात होता. छपरावर बसलेल्यांच्या मांडीवर माणसं होती आणि त्यांच्याही मांडीवर माणसं होती. सर पुढं शपथेवर सांगत, की सगळ्यात वरच्या माणसाला तिथून हिंगोली दिसत होती आणि तो खालच्यांना तिथले भाव सांगत होता.

मे महिन्याचं ऊन होतं. सर चेन तुटलेली मोटारसायकल ढकलत होते. जीप त्यांच्याशेजारी थांबली आणि दाराबाहेरचा प्रेमदास म्हणाला, "या सर, एक शीट हाय."

आपण सर आहोत हे याला कसं कळलं, असा प्रश्न पोले सरांना पडला नाही. इन केलेला शर्ट घालून भर मे महिन्यात आडरानात फिरणारा माणूस एकतर बँकेचा वसुलीवाला असतो नाहीतर कॉलेजात पोरं गोळा करणारा प्राध्यापक. वसुलीवाल्याची मोटारसायकल चांगली असते.

पोले सर गोरेगावच्या बाहेर, सेनगावच्या रस्त्यावर असलेल्या एका कॉलेजात गणित शिकवत. तासिका तत्त्वावर, म्हणजे वर्ग भरला तर तास आणि तास झाला तर पगार. त्या कॉलेजात गेली काही वर्षं विषयांवर संक्रांत आली होती. आधी तत्त्वज्ञान गेलं. ते गेल्याचं कुणाला कळलंही नाही, तत्त्वज्ञानाच्या सरांनासुद्धा जरा उशिराच कळलं. मग संख्याशास्त्र गेलं. गेल्या वर्षी भौतिकशास्त्र गेलं. म्हातारी मेल्याचं दुःख नव्हतं, पण काळ सोकावला होता आणि आता तो गणिताच्या दाराशी चपला काढत होता. शिपाई एकदा गणिताच्या खोलीचं दार मापून गेला. कशाला मापतोस, असं सरांनी विचारलं, तर म्हणाला, "कायबी न्हाई सर, सहज." सहज दार मापणाऱ्या माणसाइतकं भीतिदायक जगात काही नाही.

प्राचार्यांनी तर स्पष्टच सांगितलं होतं. नव्या धोरणाप्रमाणे पहिल्या वर्षी पोरांनी तीन विषय शिकायचे आणि वर्षाच्या शेवटी त्यातला एक मुख्य विषय, म्हणजे मेजर, म्हणून निवडायचा. त्या वेळी गणिताला पुरेशी पोरं मिळाली नाहीत, तर विषय बंद. "पोले, मला फार तकलीफ होईल," प्राचार्य प्रेमानं म्हणाले. "तुम्हाला नाही होणार. तुम्ही नसालच."

तर सर मोटारसायकल एका बाभळीला टेकवून जीपमध्ये चढले. म्हणजे त्यांना हळदीच्या एका पोत्यावर तिरपं खोचण्यात आलं. प्रेमदासनं बाहेरूनच विषय विचारला. सर म्हणाले, गणित. रोगाचं नाव घेतल्यासारखी जीप गप्प झाली. गप्प झालेल्या माणसांपुढे शिक्षकाला बोलावंसं वाटतंच. सरांनी तिन्ही वर्षांचे पेपर घडाघडा म्हणून दाखवले: कॅल्क्युलस, रियल अनालिसिस, ग्रुप थिअरी, डिफरन्शियल इक्वेशन...

प्रेमदासनं ब्रेक मारला. छपरावरची माणसं एकेक इयत्ता पुढं सरकली.

"डिफरन्शल?" तो म्हणाला. "कालेजात डिफरन्शल शिकवून राहिले तुमी?"

"व्हय. पयल्या वर्षी थोडं. दुसऱ्या वर्षी पुरं."

"आन् तिसऱ्या वर्षी?"

"मेकॅनिक्स," सर म्हणाले.

प्रेमदासनं स्टेअरिंगवरचा आपला अर्धा वाटा सोडून हात कपाळाला लावला. त्यानं सरांकडून भाडं घेतलं नाही.

कॉलेजच्या फाटकाशी सर उतरले, जीप पुढं निघाली आणि धुरळ्यामागून त्यांना तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. बारीक, दात खाल्ल्यासारखा, गाडीच्या पोटातून येणारा. आणि त्या आवाजाबरोबरच सरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, ज्याच्या आत दात्यांची चाकं एकमेकांत फिरतात, त्याचंही नाव डिफरन्शल. हा माणूस त्या डिफरन्शलबद्दल बोलत होता.

धावत जाऊन सांगायला हवं होतं. सर धावले नाहीत. ऊन फार होतं.

आठवड्याभरानं प्रेमदासनंच त्यांना तांड्यावर बोलावून घेतलं. तिथं त्याची सगळी हकिकत सरांना कळली. त्याचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुखभर हिंडायचा. प्रेमदास म्हणे, आजानं मीठ वाहिलं, मी माणसं वाहतो, फरक एवढाच की मीठ भाड्यावरून भांडत नव्हतं. गाडीतला प्रत्येक नट तो आपल्या हातानं खोलायचा. फक्त डिफरन्शल नाही. एकदा ते बिघडलं तेव्हा हिंगोलीच्या एका मिस्त्रीनं त्याला गाडीखालून बाहेर काढलं आणि चार लोकांत म्हणाला, "सरक, हे तांड्यावाल्याचं काम न्हाई. याला शिक्षण लागते." बारा-तेरा वर्षं झाली असतील. प्रेमदास त्या मिस्त्रीला अजून रोज बाजारात राम राम घालायचा, पण त्यानंतर त्यानं डिफरन्शलला कुणाचा हात लागू दिला नव्हता. ते उघडायचं तर शिकलेल्या हातानं, आणि तो हात तांड्यातला पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

तांड्यावर सरांचं व्याख्यान झालं. प्रेमदासची बायको मिराबाई हिनं ग्रुप थिअरीबद्दल चौकशी केली. त्यांच्या बचत गटात अध्यक्षीणबाई कुणाला विचारत नव्हती, त्यावर या पेपरात काही उपाय होता का? सर म्हणाले, असेल. एका म्हाताऱ्यानं विचारलं, इथं रियल शिकवतेत म्हंजे बाकीच्या कालेजात डुप्लिकेट असते का? सर यावरही नाही म्हणाले नाहीत. त्या दिवशी सर कशालाच नाही म्हणाले नाहीत.

प्रेमदासची पोरगी शितल नुकतीच बारावी झाली होती. ती इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं एकच विचारलं. "सर, शेवटपर्यंत गणितच घेता येते का? मधीच काढून तर न्हाई घेणार?"

"शिटा भरल्या तर न्हाई," सर म्हणाले.

ही भाषा प्रेमदासला बराबर कळली. शिटा भरल्याशिवाय गाडी सुटत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यानं आपल्या तांड्यातली, शेजारच्या तांड्यातली, वाटेवरच्या धनगरवाड्यातली बारावी पास पोरं अशी काही गोळा केली, की जूनमध्ये गणिताच्या वर्गात पोरं दाटीवाटीनं बसली आणि शिपाई दाराचं माप विसरला. प्राचार्यांनी सरांना चहा पाजला. तो चहा सरांना गोड लागला नाही.

कारण आवाज वाढत होता.

रोज सकाळी जीप पोरांना घेऊन फाटकाशी येई आणि तिच्या आधी आवाज येई. पोळ्याच्या सुमाराला तो कानाशी डास घोंगावावा तसा होता. दिवाळीत कुणीतरी बंद पेटीत झांजा वाजवाव्यात तसा झाला. संक्रांतीपर्यंत खडी भरडल्यासारखा झाला. आवाज फाटकाशी थांबला की खिडकीतून प्रेमदासचा चेहरा दिसे. "सर, पोचले का पोरं डिफरन्शलवर?"

"सुरुवात झाली," सर म्हणत. हे खरंच होतं, आणि म्हणूनच फार वाईट होतं.

पोरांना तर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पहिल्या तासाला रणजीत नावाच्या दांडग्या पोरानं खिशात पाना आणला होता, तो त्यानं दुसऱ्या तासाला मुकाट्यानं घरी ठेवला. पण घरी कुणीच बोललं नाही. शितलचं तर चित्त असं लागलं होतं, की बाकीची पोरं पान उलटायच्या आत ती पुढच्या पानावर पोचलेली असे. एकदा तिनं सरांना सांगितलं, की जीप उतारावर सुटते तेव्हा वेग कसा वाढत जातो, ते आता तिला नुसतं वाटत नाही, लिहिता येतं. सरांना आनंद झाला. मग ती रोज कुठल्या जीपमधून येते हे आठवलं आणि त्यांनी फळा पुसायला घेतला.

प्रवासी विचारायचे, प्रेमदासभाऊ, हा आवाज कशाचा? तो अभिमानानं सांगायचा, डिफरन्शलचा हाय. मिस्त्रीला न्हाई दाखवणार, दुसऱ्या वर्षी पोरं उघडणार हाईत. कालेजात काढणार म्हटल्यावर माणसं निर्धास्त बसत. शिक्षणावर लोकांचा इतका विश्वास सरांनी कधी पाहिला नव्हता.

होळीच्या आधी फाटकासमोरच्या टपरीवर सर चहा पीत होते. शेजारी एक ट्रॅक्टर दुरुस्त करणारा बसला होता. जीप समोरून गेली, छपरापर्यंत भरलेली. त्या माणसानं मान वाकडी करून आवाज ऐकला आणि कप खाली ठेवला.

"एखाद्या दिवशी जाम होणार हे," तो म्हणाला. "जाम झालं की मागची चाकं जागच्या जागी थांबतेत, सर. गाडी न्हाई थांबत."

पुढं उतार होता आणि उताराखाली ओढ्यावरचा कठडा नसलेला पूल. तो माणूस पुलाबद्दल काही बोलला नाही. त्यानं नुसतं तिकडं पाहिलं आणि उरलेला चहा संपवला.

सरांनी मनाशी ठरवलं, सांगायचं. फक्त पोरांनी मेजर निवडेपर्यंत थांबायचं. एकदा गणितासमोर खूण झाली, की दुसऱ्या दिवशी प्रेमदासचे पाय धरायचे. तोवर पुलानं थांबावं. सर रोज सकाळी खिडकीशी उभे राहून आवाजाची वाट पाहू लागले. आवाज आला की ते खिडकीपासून मागं सरत, आणि एखाद्या दिवशी यायला उशीर झाला की फाटकापर्यंत चालत जात. घरी त्यांची बायको राधिका म्हणे, कुणाची उधारी चुकवून राहिले का, सारखे रस्त्याकडं पाहता. त्यांनी मोटारसायकल दुरुस्त करून घेतली होती. ते जीपमध्ये बसत नसत.

परीक्षा संपल्या. मेजर निवडायचा दिवस उद्यावर आला. त्या आदल्या दिवशी सकाळी आवाज आला तो नेहमीचा नव्हता. फार लांबून यायला लागला आणि किती वेळ येतच राहिला. टपरीवरची कुत्री उठून शेतात गेली.

जीप फाटकात न थांबता सरळ आत आली. तिच्यात प्रवासी नव्हते. तांड्यातली जाणती माणसं होती, गणिताची पोरं आणि त्यांचे आईबाप होते, मिराबाईच्या हातात हळदीकुंकवाचं ताट होतं. प्रेमदासनं जॅक काढला, ताडपत्री अंथरली आणि फडक्यात बांधलेले पाने ओळीनं मांडले. मग सरांना म्हणाला, "सर, दुसऱ्या वर्षापर्यंत दम न्हाई धरत आता. पयल्या वर्षाचं जेवढं झालं, तेवढ्यावर उघडू. दुपारी हिच्यातच वऱ्हाड न्यायचं हाय, लेकरं-बाया धरून."

प्राचार्य धावत बाहेर आले. नव्या धोरणात फील्ड प्रोजेक्ट नावाचं एक प्रकरण होतं, म्हणजे पोरांनी पुस्तक सोडून गावात जाऊन काम करायचं. ते कुणी कसं करायचं, हे वर्षभर कुणाला कळलं नव्हतं. आता गावच गाडीत बसून कॉलेजात आलेलं पाहून त्यांना भरून आलं. त्यांनी फोटो काढायला शिपायाला पिटाळलं आणि पोले सरांच्या पाठीवर हात ठेवला. विषय वाचला, असा त्या हाताचा अर्थ होता.

मिराबाईनं मागच्या गोळ्याला हळदकुंकू लावलं. नारळ फुटला. प्रेमदासनं सगळ्यात मोठा पाना उचलून रणजीतच्या हातात दिला. रणजीतनं पान्याकडं पाहिलं, मग सरांकडं. बाकीची पोरंही सरांकडं पाहू लागली. शितल खाली पाहत होती.

सरांच्या डोळ्यांपुढे दुपारचं वऱ्हाड आलं. करवल्या, मांडीवरची लेकरं, गाणी, आणि उतार.

"थांबा," ते म्हणाले. "प्रेमदासभाऊ, आमच्या पुस्तकात जे डिफरन्शल हाय, ते ह्या गोळ्यातलं न्हाई."

"मंग कशातलं हाय?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत सरांना हा प्रश्न इतका सरळ कुणी विचारला नव्हता. "कशातलंच न्हाई," ते म्हणाले. "कागदावरचं हाय. एखादी गोष्ट किती जोरानं बदलून राहिली, ते काढायचं."

प्रेमदास ताडपत्रीवर उकिडवा बसला होता. 

"म्हंजे आवाज वाढून राहिला, हे तुमाला कळत व्हतं."

"व्हय."

"किती जोरानं वाढून राहिला, ते बी."

"व्हय."

"आन् तरी बोलले न्हाईत."

उत्तर शितलनं दिलं. "बापू, मला पयल्याच हप्त्यात कळलं व्हतं. म्या बी न्हाई बोलले."

"काहून?"

"तुमी घरी नेलं असतं मला."

प्रेमदासनं पोरीकडं पाहिलं. रागानं नाही. गर्दीतल्या माणसानं आपलंच नाव घेऊन हाक मारावी आणि तो माणूस ओळखू येऊ नये, तसं. मग त्यानं रणजीतच्या हातातून पाना घेतला, एकेक पाना पुसून फडक्यात बांधला आणि जॅक उचलला. हिंगोलीला जातो, म्हणाला. मिस्त्रीकडं.

म्हणजे त्याच मिस्त्रीकडं. हे तिथं सगळ्यांना कळलं आणि सगळ्यांनी वेगवेगळ्या दिशांना पाहिलं.

पोले सर जीपच्या दाराशी गेले. मी येतो बरोबर, असं काहीतरी ते म्हणाले. आख्खी जीप रिकामी होती. प्रेमदासनं त्यांच्याकडं न पाहता किल्ली फिरवली.

"शीट न्हाई," तो म्हणाला.

प्रेमदास आडेच्या तोंडून हे दोन शब्द पंचक्रोशीत आजवर कुणी ऐकले नव्हते.

जीप गेली. प्रेमदास पहिल्यांदाच जीपच्या आत बसून जीप चालवत होता आणि त्यामुळे तो फार लहान दिसत होता. सगळे फाटकाशी येऊन उभे राहिले. आवाज उताराला लागला. उतारावर तो चढत गेला, आधी खडी, मग दगड, मग लोखंडावर लोखंड. शितलनं मिराबाईचा हात धरला होता आणि तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असावी किंवा वेग काढत असावी. सरांना विचारायचा धीर झाला नाही.

पुलाच्या जागी आवाज एकदम थांबला.

प्राचार्यांनी फोटो काढणाऱ्या शिपायाला हातानंच थांबवलं. मग मिराबाई ताट टाकून रस्त्यानं पळायला लागली, तिच्यामागं शितल, तिच्यामागं सगळा तांडा, आणि सगळ्यांच्या मागं इन केलेल्या शर्टातले पोले सर.

पुलावर काहीच नव्हतं. पुलापलीकडं रस्ता टेकाडाला वळसा घालतो, त्यामुळे तिथून पुढचा आवाज कॉलेजपर्यंत येत नाही, इतकंच.

जीप तासाभरात हिंगोलीला पोचली. मिस्त्रीनं पाहून सांगितलं, की डिफरन्शलला काही झालेलं नाही, मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलं आहे. ते त्यानं उभ्या उभ्या बदलून दिलं. शिक्षणाबद्दल तो काही बोलला नाही. जुनी गोष्ट त्याच्या लक्षातही नव्हती. दुपारी वऱ्हाड वेळेवर निघालं.

दुसऱ्या दिवशी मेजरची निवड झाली. आईबाप पोरांबरोबर आले होते आणि त्यांनी विचारून विचारून, उरलेल्या दोन विषयांतला, ज्याच्या नावात काही घोळ नाही असा विषय घेतला. बॉटनी म्हणजे झाडंपाल्याचं, हे दोघातिघांकडून पक्कं करून घेतलं. प्रेमदासनं शितलला फाटकाशी सोडलं आणि तुला पाहिजे ते घे, एवढंच म्हणाला. तिनं गणित घेतलं.

गणिताला एक शीट झालं. एका शिटावर कॉलेज गाडी सोडत नाही. खोलीत आता जुने बाक रचून ठेवले आहेत, ते दारातून जेमतेम गेले. पोले सर गोरेगावात दहावीच्या शिकवण्या घेतात. शितल आडे बॉटनीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.